डांबर नावाचे दोन काळे पदार्थ

पाऊस परतीला लागला की महाराष्ट्रात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. महापालिका आणि सार्वजनिक बांधकाम खाते खड्डे बुजवण्याच्या मुदती जाहीर करतात, आणि चार महिने थंड पडलेले हॉट मिक्स प्लांट पुन्हा पेटतात. खड्ड्यांवर वर्षभर बोलले जाते. प्लांटवर बोलले जाते ते फक्त तो कुणाच्या तरी शेताला किंवा शाळेला खेटून उभा राहतो तेव्हा. मग ग्रामसभेत ठराव होतो, ‘डांबराच्या धुराने कॅन्सर होतो’ असे फलक लागतात आणि ठेकेदाराचा माणूस सांगतो की चिमणीतून येते ती नुसती वाफ आहे. यातली दोन्ही विधाने अर्धी खरी आहेत. उरलेली अर्धी बाजू समजायची तर रस्त्यावर ओतला जाणारा हा काळा पदार्थ येतो कुठून आणि बनतो कसा, हे पाहावे लागते.

पहिला घोटाळा नावातच आहे. मराठीत आपण ज्याला सरसकट डांबर म्हणतो ते प्रत्यक्षात दोन वेगळे पदार्थ आहेत. एक दगडी कोळशापासून निघणारे, म्हणजे कोल टार. दुसरे खनिज तेलापासून निघणारे, म्हणजे बिटुमेन. दोन्ही काळे, दोन्ही चिकट, दोन्ही तापवले की पातळ होणारे. कपाटात ठेवायच्या डांबरगोळ्यांचे नाव पहिल्यावरून पडले, कारण त्यातले नॅप्थलीन मूळचे कोल टारमधून काढलेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये एडगर हूली यांनी ज्या ‘टारमॅक’चे पेटंट घेतले, त्यातला ‘टार’ही हाच. आज भारतात नव्या रस्त्यांवर वापरले जाते ते मात्र जवळजवळ सगळे बिटुमेन असते. नाव जुने राहिले, आतला माल बदलला.

हा फरक केवळ शब्दांचा नाही, कारण त्यावर आरोग्याचा सगळा हिशेब अवलंबून आहे. कोळसा हवेशिवाय हजार अंश सेल्सिअसच्या वर भाजला की कोक उरतो आणि वाफेतून टार जमा होते. इतक्या उष्णतेत कार्बनची अनेक कडी असलेले रेणू तयार होतात. बेन्झोपायरिन हा त्यातला सर्वांत बदनाम. लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये धुराडी साफ करणाऱ्या मुलांना मोठेपणी होणाऱ्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला होता. १९१५ मध्ये टोकियोत यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन्‌महिने कोल टार चोळून कर्करोग निर्माण करून दाखवला. रसायनामुळे कर्करोग होतो याचा प्रयोगशाळेतला तो पहिला ठोस पुरावा, आणि तो ‘डांबरा’चाच होता. फलकावरचे वाक्य तिथून आले आहे.

बिटुमेनची जन्मकथा वेगळी. रिफायनरीत खनिज तेल साधारण ३५० ते ३७० अंशांपर्यंत तापवून उंच मनोऱ्यात सोडले जाते. हलके भाग वर चढतात. त्यातून गॅस, पेट्रोल, रॉकेल, डिझेल वेगळे होते. तळाशी जो जाड गाळ राहतो तो आणखी तापवला तर रेणू फुटू लागतील, म्हणून त्याला दुसऱ्या मनोऱ्यात जवळजवळ निर्वात दाबाखाली उकळतात. दाब कमी केला की उकळबिंदू खाली येतो. डोंगरावर पाणी लवकर उकळते त्यातलाच प्रकार. वंगणाच्या कामाचे जड तेल निघून गेले की सर्वांत शेवटी उरते ते बिटुमेन. ते हजार अंशांच्या जवळपासही गेलेले नसते. म्हणून त्यात बेन्झोपायरिनसारख्या रेणूंचे प्रमाण कोल टारच्या तुलनेत शेकडो ते हजारो पटींनी कमी असते. कमी असते, शून्य नव्हे.

प्रत्येक तेलातून सारखे बिटुमेन निघत नाही. अरबी आखातातल्या जड तेलातून भरपूर निघते. हलक्या तेलातून इतके थोडे, की त्यासाठी कुणी खटाटोप करत नाही. शिवाय रिफायनरीला तळाचा गाळ विकण्यापेक्षा तो पुन्हा फोडून डिझेल काढणे अनेकदा परवडते. भारतात महामार्गांची कामे वाढली, देशाची गरज वर्षाला ८० लाख टनांच्या वर गेली, तरी देशी उत्पादन त्या वेगाने वाढले नाही याचे एक कारण हे. गरजेच्या निम्म्याच्या आसपास माल आयात होतो.

गुणवत्ता ठरते ती चिकटपणावरून. पूर्वी सुई किती खोल रुतते यावरून ८०/१००, ६०/७० अशा श्रेणी होत्या. भारतीय मानकाने २००६ मध्ये ती पद्धत सोडून ६० अंशांवर चिकटपणा मोजायला सुरुवात केली. ६० अंशच का, तर उन्हाळ्यात काळा रस्ता भर दुपारी तितका तापतो. व्हीजी-१० थंड प्रदेशासाठी, व्हीजी-३० बहुतेक रस्त्यांसाठी, आणि उष्ण भागातल्या जड वाहतुकीसाठी व्हीजी-४०. चंद्रपूरचा उन्हाळा आणि महाबळेश्वरची थंडी एकाच राज्यात असताना ही निवड निव्वळ कागदी राहत नाही. चुकीची श्रेणी घेतली तर ट्रकच्या चाकांखाली रस्त्याला चर पडतात, नाहीतर थंडीत तडे जातात.

पण बिटुमेन म्हणजे रस्ता नव्हे. शंभर किलो डांबरी मिश्रणात सुमारे ९५ किलो दगड असतो आणि पाचेक किलो बिटुमेन. ते घडते प्लांटवर. वेगवेगळ्या मापांची खडी, कच आणि दगडाची भुकटी ठरलेल्या प्रमाणात पट्ट्यावरून एका फिरत्या लांबलचक पिंपात जाते. पिंपाच्या तोंडाशी मोठा बर्नर असतो. डिझेल किंवा फर्नेस ऑइलच्या ज्वाळेत खडीतले पाणी उडून जाते आणि दगड दीडशे अंशांच्या पुढे तापतो. ओल्या दगडाला बिटुमेन धरत नाही, म्हणून हे सुकवणे सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत जास्त इंधन खाणारे. बॅच प्लांटमध्ये तापलेली खडी पुन्हा चाळून, वजन करून मिक्सरमध्ये पडते, त्यावर मोजून बिटुमेन सोडले जाते आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात प्रत्येक खडा काळा होतो. ड्रम मिक्स प्लांटमध्ये सुकवणे आणि कालवणे एकाच पिंपात, अखंड चालते. हा प्लांट स्वस्त, हलवायला सोपा, म्हणून ग्रामीण कामांवर जास्त दिसतो. मात्र ओल खडीबरोबर येते, तिचा अंदाज चुकला की माल बिघडतो.

महाराष्ट्राचे एक नशीब असे की इथला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, बिटुमेनला चांगला धरतो. ग्रॅनाइट किंवा क्वार्टझाइटसारख्या सिलिका जास्त असलेल्या दगडाला बिटुमेनपेक्षा पाणी अधिक प्रिय. पावसात तो काळा लेप सोडून देतो. तिथे चुना किंवा वेगळे रसायन घालावे लागते. दगड चांगला असूनही इथे खड्डे का पडतात, याचे उत्तर म्हणूनच दगडात नाही. ते बरेचसे तापमानात आणि त्या पाच टक्क्यांत आहे.

पाच टक्क्यांचा हिशेब पाहण्यासारखा आहे. सात मीटर रुंद, एक किलोमीटर लांब रस्त्यावर चार सेंटिमीटरचा वरचा थर द्यायचा तर साधारण ६७० टन मिश्रण लागते. त्यात ५.४ टक्क्यांनी ३६ टन बिटुमेन जाते. प्लांटवर काटा अर्ध्या टक्क्याने खाली आणला तर किलोमीटरमागे तीन टनांहून जास्त बिटुमेन वाचते. सगळ्या मालात महाग तेच. डोळ्यांना फरक दिसत नाही. रस्ता उद्घाटनाच्या दिवशी तितकाच काळा असतो. पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात खडी सुटू लागते तेव्हाच तो कळतो. पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याचे उदाहरण यासाठीच पुन्हा पुन्हा दिले जाते. १९७६ मध्ये रेकॉन्डो या कंपनीने तो हॉट मिक्स पद्धतीने केला, दहा वर्षांची हमी दिली, आणि पुढची कित्येक दशके खड्ड्यांशिवाय काढली. त्यात कोणतेही गुप्त तंत्र नव्हते.

आता तापमान, जिथे रस्त्याचे आरोग्य आणि माणसाचे आरोग्य एकाच बिंदूवर येतात. रस्ते मंत्रालयाच्या निकषांप्रमाणे व्हीजी-३० वापरताना तयार मिश्रण १५० ते १६५ अंशांच्या दरम्यान असावे, पसरताना किमान १४० आणि रोलरचे काम संपेपर्यंत ९० च्या खाली जाऊ नये. त्याखाली गेले की बिटुमेन घट्ट होते, रोलर कितीही फिरवला तरी खड्यांमधली पोकळी मिटत नाही. चांगल्या दाबलेल्या थरात चार-पाच टक्के हवा राहावी लागते. ती आठ-दहा टक्के राहिली तर पाणी आत शिरते, आणि चाकाखाली दाबले गेलेले पाणी बिटुमेनचा लेप दगडावरून सोलून काढते. खड्डा तिथून सुरू होतो.

प्लांट शहराबाहेर, काम शहरात आणि मध्ये वाहतूक कोंडी. ताडपत्री टाकलेली असली तरी डंपरमधला माल निवतो. यावर कामावरचा रूढ उपाय म्हणजे प्लांटवरच माल जास्त तापवून पाठवणे. हा उपाय दोन्हीकडून महागात पडतो. १७०-१८० अंशांच्या वर बिटुमेन हवेतल्या ऑक्सिजनशी झपाट्याने क्रिया करते, ठिसूळ होते, रस्ता वयाने तरुण असतानाच म्हातारा होतो. आणि तापमान चढेल तसा त्यातून निघणारा धूरही वाढतो. तो धूर बसतो मागे दंताळे घेऊन चालणाऱ्याच्या छातीत.

या धुराबद्दल विज्ञान काय सांगते? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या तज्ज्ञगटाने २०११ मध्ये उपलब्ध सगळे पुरावे तपासले. २०१३ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. रस्त्याच्या कामात साध्या बिटुमेनच्या धुराशी येणारा संबंध त्यांनी ‘२ब’ गटात टाकला, म्हणजे कर्करोगाची शक्यता नाकारता येत नाही, पण पुरावा मर्यादित. छपरांच्या कामात वापरतात ते हवा फुंकून कडक केलेले बिटुमेन ‘२अ’ गटात गेले, म्हणजे बहुधा कर्करोगकारक. आणि रस्ते-छपरांच्या कामातले कोल टारचे पिच आधीपासूनच पहिल्या गटात आहे, तिथे शंकेला जागाच नाही. युरोपातल्या रस्ते कामगारांच्या मोठ्या अभ्यासात फुप्फुसाच्या कर्करोगाचा बिटुमेनच्या धुराशी स्पष्ट संबंध दिसला नव्हता. धूम्रपान आणि पूर्वीच्या कोल टारचा वाटा जास्त असावा, असे त्यातून निघाले.

यावरून ‘काही होत नाही’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे आणि चुकीचेही. कर्करोगाचा पुरावा मर्यादित असला तरी डोळे आणि घसा चुरचुरणे, खोकला, डोकेदुखी, त्वचेवर पुरळ यांबद्दल वाद नाही. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने या धुराची कमाल मर्यादा घनमीटरला ५ मिलिग्रॅम सुचवली आहे, कोणत्याही पंधरा मिनिटांसाठी. युरोपातला पेव्हर चालवणारा बंद केबिनमध्ये असतो, धूर ओढून घेणारा पंखा यंत्रावरच असतो. आपल्याकडे गल्लीतल्या डागडुजीला आजही पिंपाखाली लाकूड, कधी जुने टायर जाळून डांबर वितळवतात आणि पत्र्याच्या झारीने शिंपडतात. पायाला गोणपाट, तोंडाला गमछा. तापमान मोजणारा तिथे कुणी नसतो, आणि टायरचा धूर हा बिटुमेनच्या धुरापेक्षा केव्हाही वाईट. युरोपातले आकडे या माणसांना जसेच्या तसे लागू करणे योग्य नाही. त्यातले बहुतेक हंगामी, गाव सोडून आलेले मजूर असतात. एका ठेकेदाराकडून दुसऱ्याकडे जातात. वीस वर्षांनी कुणाला काय झाले याचा माग ठेवायला नोंदवहीच नाही.

मुंबई-ठाण्यात पुलांवर आणि चौकांत मॅस्टिक अस्फाल्ट टाकतात, त्याकडे वेगळे लक्ष हवे. त्यात परंपरेने फुंकलेले कडक बिटुमेन वापरतात, तापमान दोनशे अंशांच्या आसपास जाते, आणि लाकडी फळीने ते हाताने, गुडघ्यावर बसून पसरले जाते. नाक आणि माल यांच्यात हातभर अंतर उरते.

धुरापेक्षा तातडीचा धोका भाजण्याचा. दीडशे अंशांचे बिटुमेन कातडीला चिकटते आणि उष्णता सोडत राहते. अशा वेळी पहिली आणि सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे थंड पाणी, किमान वीस मिनिटे. चिकटलेले डांबर ओढून काढू नये. त्याबरोबर कातडी निघते. ते तसेच ठेवून रुग्णालय गाठावे, तिथे ते तेलकट मलमाने हळूहळू सोडवतात. कामावर सर्रास दिसणारी दुसरी सवय म्हणजे संध्याकाळी हात डिझेल किंवा रॉकेलने धुणे. डाग जातो, पण त्याबरोबर त्वचेचे नैसर्गिक तेलही जाते आणि नको ते रेणू आत शिरायला वाट मिळते. खाद्यतेल चोळून मग साबण लावला तरी काम भागते.

गावाशेजारच्या प्लांटकडे परत यायचे तर चिमणीचा धूर वाचता येतो. पांढरा, लगेच विरणारा लोट बहुतांश खडीतल्या पाण्याची वाफ असतो; तिथे ठेकेदाराचा माणूस खरे बोलतो. काळा धूर म्हणजे बर्नरमध्ये इंधन नीट जळत नाही. तपकिरी-करडा लोट दूरवर जाऊन अंगणातल्या वाळवणावर बसत असेल तर धूळ पकडणाऱ्या पिशव्या फाटल्या आहेत किंवा बसवलेल्याच नाहीत. आणि निळसर, रेंगाळणारा, उग्र वासाचा धूर म्हणजे बिटुमेन ज्वाळेच्या फार जवळ जाते आहे किंवा माल अति तापवला जातो आहे. प्लांटला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. ‘प्लांट हटवा’ या मागणीपेक्षा ‘पिशव्या दाखवा, तापमानाची नोंद दाखवा’ ही मागणी अधिकाऱ्याला टाळायला जास्त कठीण जाते.

रस्ता तयार झाला की प्रश्न संपतो असेही नाही. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये डांबरी नमुने भट्टीत ठेवून मोजमाप केले. उन्हाळ्यातल्या रस्त्याइतके, म्हणजे ४० वरून ६० अंशांवर नेल्यावर त्यातून निघणारी बाष्पे दुप्पट झाली. मध्यम सूर्यप्रकाशात ती तीनशे टक्क्यांपर्यंत वाढली. ही बाष्पे हवेत पुढे सूक्ष्म कणांत रूपांतरित होतात. तो अभ्यास लॉस एंजेलिसच्या संदर्भातला. नागपूर-अकोल्याचे ऊन त्याहून कमी नाही.

यावरचे एक उत्तर तयार आहे आणि ते फारसे वापरले जात नाही. वॉर्म मिक्स, म्हणजे बिटुमेनमध्ये थोडे रसायन मिसळून किंवा पाण्याच्या फवाऱ्याने फेस आणून तेच मिश्रण सुमारे ३० अंश कमी तापमानाला तयार करणे. इंधन वाचते, धूर घटतो, माल कोंडीत अडकला तरी दाबण्याजोगा राहतो. भारतीय रस्ते काँग्रेसने त्यासाठी २०१४ मध्येच मार्गदर्शिका काढली. निविदेत अट नसेल तर ठेकेदार आपण होऊन त्या रसायनाचा खर्च करत नाही, एवढीच अडचण.

त्याउलट ज्यांची बातमी होते ते प्रयोग वेगळे. प्लास्टिकचे रस्ते मदुराईच्या प्रा. राजगोपालन वासुदेवन यांनी रुजवले. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. तापलेल्या खडीवर प्लास्टिकचे तुकडे टाकले की त्यांचा पातळ लेप बसतो आणि पाणी दूर राहते. पण त्यासाठी दुधाच्या किंवा वाणसामानाच्या पिशव्यांचे पॉलिथिन लागते. पीव्हीसी चालत नाही, कारण ते तापले की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सोडते. कचराकुंडीतून आलेल्या ढिगात कोणते प्लास्टिक कोणते हे निवडायला प्लांटवर कुणी बसवले आहे का, हा साधा प्रश्न उद्घाटनात विचारला जात नाही.

नागपूरजवळ मनसर इथे राष्ट्रीय महामार्ग ४४ वर डिसेंबर २०२४ मध्ये जैव-बिटुमेनचा एक किलोमीटरचा तुकडा खुला झाला. केंद्रीय रस्ते संशोधन संस्था आणि पुण्याची प्राज इंडस्ट्रीज यांनी त्यासाठी लिग्निन वापरले. लाकडाला आणि पिकांच्या काडाला ताठपणा देणारा हा पदार्थ, काडापासून इथेनॉल काढल्यावर मागे उरतो. बिटुमेनचा काही भाग त्याने भागवला तर आयात घटेल, आणि उसाच्या पाचटाला, भाताच्या पेंढ्याला शेतात काडी लावण्याऐवजी भाव मिळेल. या तुकड्याने काही पावसाळे आणि विदर्भाचे काही उन्हाळे काढल्यावर चर किती, तडे किती याचे आकडे बाहेर येतील. दीडशे अंशांवर तापलेल्या या नव्या मिश्रणातून कोणता धूर निघतो आणि तो किती, हे मोजण्यासाठी मात्र रस्त्याचे वय वाढण्याची वाट पाहावी लागत नाही. प्लांट पेटेल त्या दिवशी, दंताळे धरलेल्या माणसाच्या खांद्यावर हवा शोषणारा छोटा पंप अडकवला की ते कळते.